सिझेरियननंतरचा सव्वा महिना आणि आईचे मन

सिझेरियनने बाळंत झालेली स्त्री घरी येते तेव्हा ती पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेतून नुकतीच उठलेली रुग्ण असते आणि दर दोन-तीन तासांनी बाळाला अंगावर घ्यावे लागणारी बाळंतीणही असते. अपेंडिक्सचे ऑपरेशन झालेल्या माणसाला आपण पंधरा दिवस पाण्याची बादली उचलू देत नाही. या स्त्रीकडून मात्र आठवड्याच्या आत रात्रीची जागरणे, दूध पाजणे आणि बाळ पाहायला आलेल्यांशी हसून बोलणे, हे सगळे गृहीत धरले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचे नोंदले गेले आणि महाराष्ट्रात हे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर होते. इतक्या घरांत हा प्रसंग येत असूनही बाळंतिणीची काळजी घेण्याची आपली रीत अजून नैसर्गिक प्रसूती गृहीत धरूनच चालते. सव्वा महिन्याची ही जुनी चौकट मोडीत काढावी असे मला वाटत नाही. तिच्यातील विश्रांती आणि माणसांची सोबत मनाला फार उपयोगी आहे. मात्र शिवलेल्या पोटाला आणि थकलेल्या मनाला जे जाचते ते त्या चौकटीतून बाहेर काढायला हवे, आणि ते कसे काढावे हे ठरवताना आईचे म्हणणे सर्वांत आधी विचारात घ्यायला हवे.

पहिले दोन आठवडे

प्रसूतीनंतर वार बाहेर पडली की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांची पातळी फार झपाट्याने खाली येते. तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास अनेक मातांना कारणावाचून रडू येते, क्षणात चिडचिड होते, बाळाकडे पाहून भरून येते आणि आपल्याला हे जमणार नाही अशी धास्ती वाटते. निम्म्याहून अधिक माता या अवस्थेतून जातात आणि साधारण दोन आठवड्यांत ती आपोआप ओसरते. सिझेरियन झालेल्या स्त्रीच्या बाबतीत हेच दिवस नेमके रुग्णालयातून घरी येण्याचे असतात, टाके ओढत असतात आणि दूधही पुरते उतरलेले नसते, त्यामुळे हे रडणे अधिक तीव्र भासू शकते.

अशा वेळी घरच्यांनी समजुतीचे भाषण करू नये. ‘रडू नकोस, दूध आटेल’ हे वाक्य तर अजिबात उच्चारू नये, कारण रडल्याने दूध आटत नाही. या वाक्याने फक्त रडणाऱ्या आईच्या मनावर आणखी एक अपराध लादला जातो. जवळ बसावे, बाळ थोडा वेळ आपल्याकडे घ्यावे, तिला गरम जेवण द्यावे आणि ती बोलली तर ऐकावे, एवढे या टप्प्यावर पुरेसे असते. आईने स्वतः तारीख मात्र लक्षात ठेवावी. दोन आठवडे उलटूनही मन तसेच राहिले किंवा दिवसेंदिवस अधिक खचत गेले, तर ते साधे हळवेपण राहिलेले नाही असे समजून पुढे सांगितल्याप्रमाणे मदत घ्यावी.

वेदना, झोप आणि शेगडी

मनाची काळजी घ्यायची तर सुरुवात वेदनेच्या गोळीपासून करावी, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण दुखणाऱ्या पोटाने झोप येत नाही, न झोपलेल्या माणसाला धीर राहत नाही आणि उठता-बसता कळ येत असेल तर बाळाला उचलून घेण्याचीच भीती बसते. पुष्कळ माता औषध दुधात उतरेल या भीतीने गोळ्या तिसऱ्या दिवशीच बंद करतात. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही नेहमी दिली जाणारी वेदनाशामके स्तनपान चालू असताना घेता येतात. आपल्याला कोणती चालते आणि किती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि दुखणे असह्य होण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी घ्यावी. उठताना सरळ उठून न बसता आधी कुशीवर वळावे आणि हाताचा आधार घेऊन उठावे. खोकताना किंवा हसताना पोटावर उशी धरावी. पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये.

झोपेबाबत ‘बाळ झोपले की तूही झोप’ हा सल्ला सगळेच देतात, परंतु तुटक झोपेने मन सावरत नाही. दिवसातून एकदा तरी सलग चार-पाच तास झोप मिळावी अशी व्यवस्था घरच्यांनी ठरवून करावी. उदाहरणार्थ, रात्री नऊ वाजता पाजून झाले की आईने वेगळ्या खोलीत झोपावे आणि ढेकर काढणे, लंगोट बदलणे, थोपटणे हे सगळे आजीने किंवा नवऱ्याने सांभाळावे. दूध व्यवस्थित उतरू लागल्यावर मधले एक पाजणे काढून ठेवलेल्या दुधावर भागवता येते. बाळ शांत झोपलेले असताना, आजूबाजूला मदत असतानाही रात्रभर डोळा लागत नसेल, तर मात्र हे साधे जागरण नव्हे. डॉक्टरांना सांगण्याजोगे ते महत्त्वाचे लक्षण आहे.

आता शेक-शेगडीविषयी. सिझेरियनच्या जखमेभोवतालची त्वचा काही महिने बधिर राहू शकते, त्यामुळे तिथे शेक घेताना चटका बसला तरी कळत नाही. पोटावर शेगडीचा शेक घेऊ नये. धुरीचा धूर नवजात बाळाच्या श्वासाला अपायकारक असतो आणि आईला खोकल्याची उबळ आली की टाक्यांवर ताण येतो. पोटाचे मालीश डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत थांबवावे, पण पाठ, खांदे, पाय यांना तेल लावून घेण्यास हरकत नाही, आणि रोज कोणीतरी मायेने अंगाला हात लावण्याने मनाला जो विसावा मिळतो तो गमावण्याचे कारण नाही. बंद खिडक्यांची अंधारी खोली ही या रीतीतील सर्वांत घातक बाजू होय. सकाळचा उजेड, थोडी हवा आणि ओटीवर किंवा गॅलरीत रोज पाच-दहा मिनिटे फेरी एवढे पहिल्या आठवड्यापासून ठेवावे; चालण्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोकाही कमी होतो. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर अवश्य खावी, मात्र पाणी आणि भाज्या तोडू नयेत, कारण ऑपरेशननंतर बद्धकोष्ठ झाला तर कुंथण्याच्या भीतीनेच दिवस वाईट जातो. लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या मध्येच सोडल्या तर रक्त कमी राहते आणि त्याचा थकवा मनाच्या खचण्यासारखाच दिसतो.

दुधावरून होणारे बोलणे

सिझेरियननंतर दूध भरभरून उतरायला थोडा अधिक वेळ लागू शकतो. तोवर येणारा चीक बाळासाठी मोलाचा असतो आणि पहिल्या दिवसांत बाळाचे पोटही अगदी लहान असते. तरीही ‘हिला दूधच नाही’ हा निर्णय खोलीत येणारी प्रत्येक स्त्री देऊन जाते. आईने कुशीवर झोपून पाजावे किंवा बाळाला बाजूला, काखेखाली धरून पाजावे, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही. बाळाचे वजन आणि दिवसभरातील लघवीची संख्या डॉक्टरांनी पाहून दूध पुरते की नाही ते ठरवावे. पाहुण्यांनी ठरवू नये. काही काळ वरचे दूध देणे वैद्यकीय कारणाने आवश्यक ठरले तर त्यात आईचे अपयश नाही. बाळ काचेच्या पेटीत, म्हणजे नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात असेल, तर दूध काढून पाठवणे आणि डॉक्टरांनी अनुमती देताच बाळाला उघड्या छातीशी धरून बसणे या दोन गोष्टींनी आईला तिचे काम परत मिळते; तिला सक्तीने घरी झोपवून ठेवण्यापेक्षा तिथपर्यंत नेणे अधिक हितावह असते.

बाळाला पाहताक्षणी प्रेमाचा उमाळा आला नाही, म्हणून पुष्कळ जणी मनातल्या मनात स्वतःला दोष देतात. वेदना, औषधांची गुंगी आणि पहिल्या तासांतील दुरावा यानंतर जिव्हाळा हळूहळू वाढणे हे अनेकींच्या बाबतीत घडते आणि ते सर्वसामान्य आहे.

ऑपरेशन का झाले हे समजून घेणे

या विषयातील सर्वांत दुर्लक्षित भाग हा आहे. ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये स्त्रीची निदान तयारी झालेली असते. तातडीच्या सिझेरियनमध्ये तासन्‌तास कळा सोसल्यानंतर अचानक धावपळ सुरू होते, नातेवाइकांच्या सह्या होतात, पाठीत इंजेक्शन दिले जाते, कमरेखालचे शरीर बधिर होते पण ओढल्याची जाणीव होत राहते, थरथर सुटते आणि बाळ आधी दुसऱ्याच कुणाच्या हातात दिसते. यानंतर बाहेर येऊन ऐकायला मिळते ते ‘हल्लीच्या मुलींना कळा सोसवत नाहीत’. जी स्त्री आपल्या शरीराबरोबर काय घडले हे स्वतःच नीट सांगू शकत नाही, तिच्या मनात हे वाक्य खोल जाऊन बसते.

यावर उपाय असा की घरी सोडण्यापूर्वी, आणि तेव्हा डोके ठिकाणावर नसेल तर सहाव्या आठवड्याच्या तपासणीला, डॉक्टरांना शांतपणे पण स्पष्ट विचारावे. सिझेरियनचा निर्णय कशामुळे झाला, तो केव्हा घेतला, थांबलो असतो तर कोणता धोका होता आणि पुढच्या वेळी नैसर्गिक प्रसूती शक्य आहे का, हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. बाळाचे ठोके कमी होणे, कळा येऊनही पिशवीचे तोंड न उघडणे, बाळ पायाळू असणे, वार खाली असणे, आधीचे सिझर असणे ही नेहमी आढळणारी कारणे आहेत. यांपैकी एकही आईच्या सहनशक्तीशी जोडलेले नाही. कारण डिस्चार्ज कार्डावर नोंदलेले आहे की नाही ते पाहावे आणि नसेल तर नोंदवून मागावे.

समाधानकारक उत्तर मिळेलच असे नाही, हेही सांगितले पाहिजे. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात खासगी रुग्णालयांतील सिझेरियनचे प्रमाण ४७.४ टक्के आणि सरकारी रुग्णालयांतील १४.३ टक्के होते. रुग्णांच्या प्रकारात फरक असतो हे मान्य केले तरी एवढी तफावत केवळ त्याने समजत नाही. त्यामुळे आपले सिझर टाळता आले असते अशी शंका एखादीच्या मनात राहिली, तर ‘बाळ सुखरूप आहे ना, मग झाले’ असे म्हणून तिला गप्प करणे अन्यायाचे आहे. बाळ सुखरूप असल्याचा आनंद आणि जे घडले त्याचा राग एकाच मनात एकत्र राहू शकतात. राग आला म्हणून आई कृतघ्न ठरत नाही.

ज्या स्त्रीला त्या दिवसाविषयी बोलावेसे वाटते, तिने विश्वासाच्या एकाच व्यक्तीला घटनाक्रम पहिल्यापासून सांगावा किंवा वहीत लिहावा. नवरा त्या वेळी बाहेर उभा होता. त्याला दिसलेले आणि तिला आठवणारे दोन्ही एकत्र मांडले की मधल्या रिकाम्या जागा भरतात. जिला बोलायचे नाही तिच्यावर मात्र जबरदस्ती करू नये. प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येणे, दुःस्वप्ने पडणे, यंत्राच्या साध्या आवाजाने दचकणे, रुग्णालयाच्या रस्त्यानेही जाणे टाळणे आणि त्यापायी बाळाचे लसीकरण लांबणे, असे महिन्याहून अधिक काळ चालले तर तो आघातानंतरचा ताणविकार असू शकतो. त्यावर समुपदेशनाच्या खास पद्धती आहेत आणि त्यांचा गुण येतो. ‘नॉर्मल का नाही झाली?’ या प्रश्नाचे उत्तर एकदाच ठरवून ठेवावे आणि ते देण्याचे काम आईवर न टाकता नवऱ्याने किंवा तिच्या आईने करावे. ‘डॉक्टरांशी बोलून निर्णय घेतला, दोघेही सुखरूप आहेत’ एवढे वाक्य पुरते.

नैराश्य ओळखणे आणि मदतीपर्यंत पोहोचणे

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणे, कशातच गोडी न वाटणे, भूक मरणे, आपण वाईट आई आहोत असे सतत वाटणे, बाळाची अवाजवी काळजी किंवा त्याच्याविषयी पूर्ण अलिप्तता, जगणे नकोसे होणे ही प्रसूतीनंतरच्या नैराश्याची लक्षणे आहेत. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. आर्थिक ओढाताण आणि वैवाहिक कलह या कारणांचा त्याच्याशी संबंध दिसला आणि मुलगी जन्मली असल्यास अशा ताणांचा परिणाम वेगळा दिसला. ‘पोट फाडूनही मुलगीच’ असे ज्या घरात बोलले जाते, त्या घरातील बाळंतिणीकडे म्हणूनच अधिक लक्ष ठेवावे लागते.

अशा नैराश्याच्या प्राथमिक चाळणीसाठी एडिनबरो प्रश्नावली जगभर वापरली जाते. १९८७ मध्ये तयार झालेल्या या प्रश्नावलीत मागील सात दिवसांविषयीचे दहा प्रश्न असतात आणि एकूण गुण ३० असतात. ती निदान करत नाही. पुढे तपासायला हवे का, एवढेच ती सांगते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारासंबंधी आहे आणि त्याचे उत्तर होकाराकडे झुकले, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. डॉक्टरांकडे गेल्यावर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे, कारण प्रसूतीनंतर थायरॉइडचे काम बिघडले तरी अशीच लक्षणे दिसतात.

एका गोष्टीची भीती स्त्रिया कुणाजवळही बोलत नाहीत. बाळ हातातून पडेल, खिडकीतून खाली जाईल, आपल्याच हातून त्याला काही होईल असे विचार अचानक मनात चमकून जातात आणि त्या विचाराने आई स्वतःच हादरते. असे नको असलेले विचार पुष्कळ नव्या मातांच्या मनात येतात. ज्या विचाराने आपण घाबरतो तो आपला इरादा नसतो. ते वारंवार येऊन झोप उडवत असतील तर त्यांवर उपचार आहेत. याहून अगदी वेगळी अवस्था म्हणजे प्रसूतीनंतरचा तीव्र मनोविकार. हजारांत एक-दोन मातांना, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत, तो गाठतो. तीन-तीन दिवस झोप नसूनही थकवा न जाणवणे, असंबद्ध बोलणे, कानात आवाज ऐकू येणे, बाळ आपले नाही किंवा त्यात काही वाईट शिरले आहे अशी पक्की खात्री होणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी ‘बाहेरचे काही लागले’ म्हणून देवऋषीकडे नेण्यात जे दोन दिवस जातात ते जीवघेणे ठरू शकतात. आईला आणि बाळाला एकटे न ठेवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि मानसोपचार विभाग असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी न्यावे. वेळेवर उपचार झाल्यास बहुतेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात.

मदतीचा पहिला दरवाजा जवळच असतो. सिझेरियन झालेल्या मातेच्या घरी आशाताईंच्या भेटी सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अपेक्षित असतात. त्या बाळाचे वजन करायला येतात तेव्हा सासूबाई शेजारी बसलेल्या असतील, तर पाणी आणण्याच्या निमित्ताने का होईना, त्यांच्याशी दोन मिनिटे एकटीने बोलून घ्यावे. टेली-मानस ही मानसिक आरोग्याविषयीची सरकारी दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. बाळ मांडीवर असतानाही हा फोन करता येतो. जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतात, तर ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत.

औषधे सुरू झाली की अंगावरचे दूध तोडावे लागते, हा समज अनेकींना डॉक्टरांपासून दूर ठेवतो. सर्ट्रालिनसारखे नैराश्यावरील औषध दुधात फार अल्प प्रमाणात उतरते आणि स्तनपान चालू ठेवून देता येते. आपण पाजतो आहोत हे मात्र मानसोपचारतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगावे आणि बरे वाटू लागताच गोळ्या मनाने सोडू नयेत. रुग्णालयात दाखल व्हावे लागले तरी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तीन वर्षांखालील मुलाला आईपासून सर्वसाधारणपणे वेगळे करता येत नाही. आईपासून मुलाला धोका असेल किंवा मुलाच्या हितासाठी आणि सुरक्षिततेसाठी गरज असेल तेव्हाच याला अपवाद होतो.

सव्वा महिना संपल्यावर

बाळंतीण माहेरी आणि नवरा नोकरीच्या गावी, अशी व्यवस्था अनेक घरांत असते. रोजच्या फोनवर बाळ किती वेळा जागले याच्या आधी ‘तू काल किती वेळ झोपलीस, आज जेवलीस काय’ हे त्याने विचारावे, आणि आवाज सपाट वाटू लागला तर फोनवर न थांबता स्वतः यावे. सासरी परतण्याचा दिवस हा अनेकींच्या बाबतीत खचण्याचा दिवस ठरतो, कारण मदत एकदम सुटते आणि स्वयंपाक, पाहुणे, बारशाची देणी-घेणी एकदम अंगावर येतात. परतण्यापूर्वीच कोणते काम कोण करणार हे ठरवावे. परदेशात किंवा शहरातील फ्लॅटमध्ये एकट्या जोडप्याने बाळंतपण केले असेल, तर पैसे बारशाच्या हॉलवर खर्च करण्याऐवजी दोन-तीन महिन्यांच्या कामवाल्या बाईवर खर्च करणे मला शहाणपणाचे वाटते.

नोकरी करणाऱ्या स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी कायद्याप्रमाणे २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळू शकते. मन अजून सावरत असेल तर लवकर रुजू होण्याचे वचन कार्यालयाला देऊ नये. शरीरसंबंधांची घाई करू नये. टाके बाहेरून भरले म्हणजे आतून तयारी झाली असे नाही, आणि पुन्हा दिवस राहण्याच्या भीतीने मनावर येणारा ताण टाळण्यासाठी गर्भनिरोधनाविषयी सहाव्या आठवड्यातच विचारून घ्यावे. दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर ठेवणे जखमेसाठी जितके आवश्यक, तितकेच आईच्या मनासाठीही.

पुढच्या वेळी दिवस राहतील तेव्हा पहिल्याच तपासणीला मागच्या सिझेरियनच्या कार्डाबरोबर मागच्या उदासीनतेची माहितीही डॉक्टरांना द्यावी. एकदा नैराश्य किंवा तीव्र मनोविकार होऊन गेलेल्या स्त्रीला तो पुन्हा होण्याचा संभव अधिक असतो, आणि हे सातव्या महिन्याआधी कळले असेल तर झोपेची, मदतीची आणि गरज पडल्यास औषधांची आखणी बाळ येण्यापूर्वीच करता येते.